गावाचा निधी, गावातला उद्योग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ग्रामीण उद्योगांच्या वाढीसाठी स्थानिक विकास निधीचा वापर कसा व्हावा, याविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. स्थानिक विकास निधी म्हणजे ज्याच्या वाटपाचा निर्णय त्या परिसरातील माणसेच घेतात असा निधी. मग तो सरकारकडून आलेला असो, सहकारी संस्थेचा असो किंवा एखाद्या विश्वस्त निधीचा असो. काही पत्रे निधी मागणाऱ्या उद्योजकांची आहेत, तर काही निधी देणाऱ्या समित्यांच्या सदस्यांची. एकमेकांविषयी दोघांच्याही पुष्कळ तक्रारी आहेत. तरीही पत्रे एकत्र वाचली की लक्षात येते, ते असे की रक्कम अपुरी पडल्याची तक्रार फार थोड्यांची आहे. बहुतेकांचे काम अडले आहे ते पैसा चुकीच्या वेळी आल्यामुळे किंवा चुकीच्या गोष्टीवर खर्च झाल्यामुळे.

प्रश्न : आम्ही तिघे भागीदार तेलबियांपासून तेल काढण्याचा लहान कारखाना सुरू करत आहोत. यंत्राच्या किमतीच्या निम्मी रक्कम स्थानिक निधीतून अनुदान म्हणून मिळणार आहे. विक्रेत्याचा आग्रह मोठ्या क्षमतेचे यंत्र घेण्याचा आहे. अनुदान पुन्हा मिळणार नाही, म्हणून आमचाही कल तिकडेच आहे. आपले मत कळवावे.

आपण मोठे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी एका निधीने दिलेल्या अनुदानांची पाहणी करण्याच्या कामात मी होतो. एका शेडमध्ये आम्हाला आपल्याच व्यवसायातले यंत्र पाहायला मिळाले. कळफलकावर चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता, पट्टे उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून गोणपाटात गुंडाळून ठेवले होते आणि यंत्रावर धुळीचा कणही नव्हता, कारण मालक दर आठवड्याला ते स्वतः पुसत असत. आधी थ्री-फेज विजेची जोडणी येईपर्यंत सात महिने गेले. जोडणी आली तेव्हा सुगी नुकतीच सरत आली होती, तेलबियांचे भाव अजून उतरलेले होते, पण बी खरेदी करायला हातात पैसा नव्हता. होता नव्हता तो स्वहिस्सा यंत्र आणि शेड यांत गेला होता. निधीच्या दप्तरात मात्र हा प्रकल्प ‘पूर्ण’ म्हणून नोंदला गेला होता, कारण निधीच्या दृष्टीने यंत्र बसले की काम संपत होते.

आता आपल्या उद्योगाचा हिशेब मांडू. तेलबी सुगीच्या काही आठवड्यांतच स्वस्त मिळते, त्यामुळे ती साठवावी लागते. विकत घेतलेली बी सरासरी ६० दिवस गोदामात राहते असे धरा. गाळप होऊन तेल विकले जाईपर्यंत आणखी १५ दिवस जातात. दुकानदार माल घेतो, पण पैसे ४५ दिवसांनी देतो. बी देणारा शेतकरी आपल्याला १० दिवसांची उधारी देतो असेही समजू. म्हणजे आज खर्च केलेला रुपया परत हातात येईपर्यंत ११० दिवस लागतात, आणि तेवढे दिवस कारखाना चालू ठेवण्याइतकी रक्कम, म्हणजे वर्षाच्या चालू खर्चाच्या सुमारे ३० टक्के, आपल्याजवळ कायम फिरती असावी लागते. हेच खेळते भांडवल. यंत्र जितके मोठे तितके ते पोसण्यासाठी लागणारे खेळते भांडवलही मोठे, आणि त्यासाठी अनुदान क्वचितच मिळते. लहान यंत्र पूर्ण क्षमतेने चालवणाऱ्या कारखान्याला बँक दुसऱ्या वर्षी आपणहून दार उघडते. मोठे यंत्र चौथाई क्षमतेने चालवणाऱ्याला ती पहिलेच कर्ज फेडायला सांगत राहते. शक्य असल्यास पहिला हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन गाळप करून घ्यावे, म्हणजे तेलाला गिऱ्हाईक किती आणि उधारी किती दिवसांची, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधीच कळेल.

मालमत्तेभोवती रचलेल्या योजनांचा अनुभव नवा नाही. भारतात १९७८ साली सुरू झालेला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकासगटांत लागू केलेला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम अनुदान आणि बँककर्ज एकत्र करून गरीब कुटुंबांना उत्पन्न देणारी मालमत्ता मिळवून देत असे. जनावर मिळाले, पण चारा, पशुवैद्य आणि दूध संकलन यांची सोय सगळीकडे नव्हती. कर्जाची वसुलीही कमकुवत राहिली. १९९९ साली हा कार्यक्रम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आला. याउलट १९४६ साली गुजरातमधील खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या दूध उत्पादक संघाची सुरुवात दूध विकण्याच्या व्यवस्थेपासून झाली. रोजचे दूध रोज घेणारा हक्काचा खरेदीदार उभा राहिल्यावर जनावरावर खर्च करायला शेतकऱ्याला कोणी सांगावे लागले नाही.

प्रश्न : आमच्या सुतारकामाच्या कारखान्याला अनुदान मंजूर झाले आहे, परंतु आधी संपूर्ण खर्च आम्ही करायचा, बिले सादर करायची आणि तपासणीनंतर रक्कम मिळणार, असा नियम आहे. एवढी रक्कम आमच्याजवळ असती तर अनुदान मागितलेच नसते. यातून मार्ग काय?

आपली व्यथा जगातल्या बहुतेक सार्वजनिक निधींच्या लाभार्थ्यांची आहे. युरोपीय समुदायाने १९९१ साली ग्रामीण भागासाठी ‘लीडर’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात स्थानिक कृती गट आपल्या परिसराचा आराखडा स्वतः बनवतात आणि कोणत्या उद्योगाला साहाय्य द्यायचे तेही स्वतः ठरवतात. निर्णय असा लोकांच्या हाती आला, पण पैसा बहुधा खर्चानंतरच मिळत राहिला. २०१४ पासूनच्या नियमांत गुंतवणुकीसाठीच्या साहाय्यापैकी ५० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देण्याची मुभा होती. मात्र तेवढ्याच रकमेची बँक हमी किंवा तिच्या तोडीची दुसरी हमी द्यावी लागे. ज्याच्याकडे तारण नाही म्हणून तो निधीकडे आला, त्याच्याकडेच पुन्हा तारण मागायचे, असा हा पेच आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण या पद्धतीत ज्यांना सर्वांत कमी गरज आहे त्यांनाच रक्कम सहज पचते, हेही तितकेच खरे आहे.

आपल्यापुरते पाहिले तर पहिली गोष्ट म्हणजे मंजुरीपत्राच्या तारखेआधी एकही खर्च करू नये, कारण त्याआधीची बिले बहुतेक निधी ग्राह्य धरत नाहीत. मंजुरीपत्र घेऊन बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे जावे आणि अनुदानाची रक्कम थेट त्यांच्याकडील खात्यात जमा होईल, असे निधीकडून लिहून आणण्याची तयारी दाखवून अल्पमुदतीचे कर्ज मागावे. त्या कर्जाचे व्याज प्रकल्पखर्चात आधीच धरावे. ते विसरल्यामुळे पहिल्या वर्षीच तोट्यात गेलेले उद्योग मी पाहिले आहेत. दुसरे असे की काम टप्प्यांत वाटून प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र तपासणी आणि स्वतंत्र रक्कम मागावी. शेड, यंत्र आणि विजेची जोडणी असे तीन टप्पे पाडले तर एका वेळी अडकून पडणारी रक्कम एकतृतीयांशाच्या आसपास येते. आणि यंत्राची रक्कम निधीने परस्पर विक्रेत्याच्या खात्यात भरावी, अशी लेखी विनंती जरूर करावी. ती नाकारलीच जाईल असे गृहीत धरू नये.

समितीच्या सदस्यांनाही यानिमित्ताने एक विनंती आहे. निधीचा लहानसा भाग मंजूर अनुदानाची रक्कम हाती येईपर्यंतच्या उसनवारीसाठी बाजूला ठेवावा. हा पैसा काही महिन्यांत परत येतो, तो बुडण्याचा धोका फार कमी असतो, कारण त्याची परतफेड अनुदानातूनच होते.

प्रश्न : मी आमच्या परिसराच्या विकास निधीच्या समितीवर आहे. काही सदस्यांना वाटते की उद्योगांना अनुदानच द्यावे, कारण ग्रामीण उद्योजकाला कर्जाचे ओझे झेपत नाही. काहींना वाटते की फुकटचा पैसा टिकत नाही. दोन्ही बाजू पटतात. आम्ही काय करावे?

आधी साधा आकडा पाहू. १०० भागांचा निधी अनुदान म्हणून वाटला तर तो एकदाच वाटता येतो. तोच निधी दोन वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिला आणि प्रत्येक फेरीत १० टक्के रक्कम बुडाली असे धरले, तर दहा वर्षांत पाच फेऱ्या होतात आणि एकूण सुमारे ४१० भागांची कर्जे दिली जातात. शिवाय अखेरीस ५९ भाग शिल्लक राहतात. व्याज मी मुद्दाम धरलेले नाही. प्रत्येक फेरीत ३० टक्के बुडाले तर मात्र पाच फेऱ्यांनंतर हाती जेमतेम १७ भाग उरतात आणि निधी बंद पडल्यात जमा होतो. म्हणजे परत आलेला पैसा पुन्हा कर्जाऊ देणारा असा फिरता निधी चांगला की वाईट, हे वसुलीवर ठरते. आणि वसुली होते की नाही, हे कर्जदार त्या पैशाला कोणाचा पैसा समजतो यावर.

ही गोष्ट जर्मनीतील फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांना अनुभवातून समजली. १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा ते वायरबुश भागाचे मेयर होते. सधन लोकांकडून पैसा गोळा करून त्यांनी गरिबांसाठी धान्याची आणि पावाची सोय केली. पुढे त्यांनी काढलेल्या संस्थाही आरंभी सधनांच्या सद्भावनेवरच उभ्या होत्या. ती सद्भावना वर्षानुवर्षे टिकत नाही, हे कळल्यावर १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्यांनी अशी पतसंस्था काढली की जिच्यात कर्ज घेणारा स्वतः सभासद असे आणि संस्थेच्या देण्याला सगळे सभासद अमर्याद जबाबदार असत. कार्यक्षेत्र लहान ठेवले होते, कारण एकमेकांना ओळखणारी माणसेच एकमेकांची पत जोखू शकतात. ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास प्रांतासाठी केलेल्या अहवालात याच पद्धतीची शिफारस केली होती आणि १९०४ च्या भारतीय सहकारी पतसंस्था कायद्यामागे तीच प्रेरणा होती.

तरीही अनुदानाला सरसकट नाही म्हणणे मला पटत नाही. उत्तर युगांडात तरुणांच्या गटांकडून उद्योगाचे प्रस्ताव मागवून, त्यांपैकी सोडतीने निवडलेल्या गटांना प्रशिक्षण आणि हत्यारे यांसाठी एकरकमी अनुदान देण्यात आले. चार वर्षांनंतर त्या तरुणांचे उत्पन्न अनुदान न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक होते. नऊ वर्षांनंतर मात्र उत्पन्नातला हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता, कारण मागे राहिलेले तरुणही हळूहळू बचत करून पुढे सरकले. मी यातून अनुदान वाया गेले असा अर्थ काढत नाही. अनुदानाने त्या तरुणांची काही वर्षे वाचवली, आणि तरुण माणसाच्या आयुष्यात चार-पाच वर्षांची किंमत मोठी असते. पण अनुदानाकडून किती अपेक्षा ठेवावी, हे समितीला या अनुभवावरून ठरवता येते.

माझी सूचना अशी आहे. ज्या खर्चातून उभी राहिलेली गोष्ट विकून पैसा परत मिळत नाही किंवा जिचा उपयोग एका उद्योगापेक्षा अधिक लोकांना होतो, त्यासाठी अनुदान द्यावे : प्रशिक्षण, नमुना तयार करणे, मालाची प्रयोगशाळेतील तपासणी, परवाने व प्रमाणपत्रे, सामाईक गोदाम, विजेची जोडणी. यंत्र आणि खेळते भांडवल यांसाठी कर्ज द्यावे. कर्जाचे हप्ते मालविक्रीच्या हंगामाशी जुळवून घ्यावेत. ज्याचा सगळा माल वर्षातून तीन महिन्यांत विकला जातो त्याच्याकडे बाराही महिने सारखा हप्ता मागणे म्हणजे त्याला सावकाराकडे पाठवणेच आहे. आणि निधीत परिसरातील लोकांची स्वतःची बचत, अगदी थोडी का होईना, मिसळलेली असावी. वरून आलेला पैसा थकला तर कोणी विचारत नाही. शेजाऱ्याच्या ठेवीतला पैसा थकला की चार माणसे दारात येऊन चौकशी करतात, आणि ही चौकशी कोणत्याही जप्तीच्या नोटिशीपेक्षा लवकर काम करते.

प्रश्न : निधीसाठी कंपनी, संस्था किंवा गट नोंदवणे आवश्यकच आहे का?

एकट्याचा उद्योग असेल तर घाई करू नये. स्वतंत्र बँक खाते, रोजची विक्रीवही आणि व्यवसायाला आवश्यक ते परवाने एवढ्यावर बहुतेक ठिकाणी सुरुवात होते. केवळ अनुदानासाठी जमवलेले गट रक्कम मिळताच विस्कटतात. आधीपासून एकत्र खरेदी किंवा विक्री करत असाल तरच गट नोंदवा.

प्रश्न : मी घरून कपडे शिवण्याचा व्यवसाय करते. मागे निधीतून मिळालेली रक्कम घरातील दुसऱ्या व्यवसायात वापरली गेली आणि माझा व्यवसाय होता तिथेच राहिला. समितीने माझ्याविषयी ‘निधीचा योग्य वापर नाही’ असा शेरा मारला. पुन्हा अर्ज करावा का?

जरूर करावा. आपल्यावर मारलेला शेरा मला अन्यायाचा वाटतो. श्रीलंकेत लहान उद्योगांना सोडतीने अनुदान देऊन झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पुरुषांच्या उद्योगांचा नफा ठळकपणे वाढला, स्त्रियांच्या उद्योगांचा वाढला नाही. त्यावरून स्त्रियांच्या उद्योगात पैसा घालून उपयोग नाही, असा निष्कर्ष कोणीही सहज काढला असता. पण पुढे भारत, श्रीलंका आणि घाना येथील आकडे कुटुंबाच्या पातळीवर पुन्हा तपासले गेले, तेव्हा वेगळे चित्र दिसले. ज्या घरात स्त्रीचा उद्योग हा एकच उद्योग होता तिथे तिच्या हातातील भांडवलाची कमाई पुरुषाइतकीच होती. घरात दुसराही उद्योग असला की तिच्या नावावर आलेला पैसा तिकडे वळत होता. म्हणजे कमतरता तिच्या कर्तबगारीत नव्हती, आणि आपल्या पत्रातही तेच लिहिलेले आहे.

नव्या अर्जात हे लपवू नये. घरात दुसरा व्यवसाय आहे, हे नमूद करून रक्कम टप्प्याटप्प्याने, शक्य तेवढी कापड, शिलाई यंत्र आणि साहित्य यांच्या स्वरूपात आणि केवळ आपल्या नावे असलेल्या खात्यातून मिळावी, अशी मागणी करावी. घरातील दुसऱ्या व्यवसायाला खरोखर पैशाची गरज असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगावे. पुष्कळदा या एका गोष्टीने ओढाताण थांबते. समितीनेही रकमेआधी आपल्या वेळेचा विचार करावा, असे मला वाटते. घरकाम आणि लहान मुले सांभाळून दिवसाचे तीन तास शिवणकामाला मिळत असतील, तर दुसरे शिलाई यंत्र देऊन उत्पन्न दुप्पट होणार नाही. चार-पाच जणींनी एकत्र बसून काम करण्याची जागा आणि तिथेच मुलांची सोय, यावर झालेला खर्च अधिक फळेल.

प्रश्न : आमच्याकडे निधी नेहमी त्याच चार घरांत जातो. स्थानिक लोकांना निर्णय दिला की असेच होणार का?

हा धोका खरा आहे आणि तो मान्य करूनच नियम करावे लागतात. ‘लीडर’ कार्यक्रमात २०१४ नंतरच्या नियमांनुसार स्थानिक गटाच्या निर्णयप्रक्रियेत सरकारी संस्थांना किंवा कोणत्याही एका हितसंबंधी गटाला ४९ टक्क्यांपेक्षा अधिक मताधिकार ठेवता येत नव्हते. तिथेही हे आपोआप सुचले नव्हते. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१० च्या अहवालात नोंदवले होते की काही गटांत निर्णय घेणाऱ्यांचेच हितसंबंध निवडलेल्या प्रकल्पांत होते आणि ते टाळण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती.

आपल्याला लगेच मागता येतील अशा गोष्टी सांगतो. अर्ज येण्याआधी गुणांकनाचा तक्ता जाहीर झाला पाहिजे. ज्या सदस्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा अर्ज आहे त्याने त्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहिले जावे. नुसते ‘मत दिले नाही’ एवढे पुरत नाही, कारण समोर बसलेल्या माणसाच्या अर्जाविरुद्ध बोलायला इतरांची जीभ रेटत नाही. नामंजूर अर्जदाराला कारण लेखी मिळावे. मंजूर अर्जांबरोबर नामंजूर अर्जांची यादीही गावाच्या सभेत वाचली जावी. मी एका सभेत ही दुसरी यादी वाचली जाताना पाहिली आहे : सदतीस अर्जांपैकी सहा मंजूर झाले होते, आणि उरलेल्या एकतीस व्यवसायांची नावे ऐकताना सभेतल्या लोकांना आपल्या परिसरात एवढे उद्योगी लोक आहेत, हे प्रथमच समजले. त्यांतल्या दोघांना तिथेच गिऱ्हाईक मिळाले.

प्रश्न : तक्रारी टाळण्यासाठी आमच्या समितीने निधी सर्व वाड्यावस्त्यांना समान वाटण्याचे ठरवले आहे. हे योग्य आहे का?

सुरुवातीला समान वाटप करायला हरकत नाही, पण दर वर्षी तसेच करणे योग्य नाही. थायलंडने २००१ साली प्रत्येक गावाला दहा लाख बाहत देऊन गावनिधी सुरू केले आणि कर्जवाटप गावच्या समित्यांवर सोपवले. रक्कम सर्वांना सारखी असल्यामुळे लहान गावातील प्रत्येक घराच्या वाट्याला मोठ्या गावापेक्षा कितीतरी अधिक कर्ज आले. कागदावर समान असलेले वाटप घरापर्यंत पोचेपर्यंत विषम होते.

दक्षिण कोरियात १९७०-७१ साली सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट देण्यात आले. अट एवढीच होती की ते गावाच्या सामाईक कामासाठी वापरावे. पुढच्या वर्षी, ज्यांनी त्याचा चांगला उपयोग केला अशा सुमारे १६ हजार ६०० गावांनाच ५०० पोती सिमेंट आणि एक टन लोखंडी सळया दिल्या गेल्या. ती मोहीम हुकूमशाही राजवटीत झाली, गावांवर वरून दडपणही होते, आणि ती बाजू उचलण्याजोगी नाही. पण पहिला लहान हप्ता सर्वांना आणि दुसरा मोठा हप्ता ज्यांनी पहिल्याचे चीज केले त्यांना, हा क्रम आपल्या समितीला वापरता येईल. ज्या वस्त्या मागे पडतील त्यांच्याकडे पैसा न पाठवता आधी माणूस पाठवावा. हिशेब लिहिणारे कोणी नसणे, हेच तिथले कारण बहुधा निघते.

प्रश्न : आमच्या परिसरातील मालाला बाहेर बाजारपेठ मिळावी म्हणून निधीतून जाहिरातीवर खर्च करावा का?

जाहिरातीआधी मालाचा एकसारखा दर्जा आणि ठरल्या तारखेला पुरवठा यांवर खर्च करावा. जपानच्या ओइता प्रांतात गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ साली ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ सुरू केली. उत्पादकांना थेट अनुदाने वाटण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. प्रांताचा पैसा संशोधन, तंत्रमार्गदर्शन, माणसे घडवणे आणि विक्रीचे मार्ग खुले करणे यांकडे गेला. कोणते उत्पादन निवडायचे हे गावांनीच ठरवले. आपल्या समितीने याच धर्तीवर परिसरासाठी एक मालतपासणी केंद्र काढले, तर त्याचा लाभ दहा फलकांपेक्षा अधिक होईल.

प्रश्न : निधीमुळे खरोखर उद्योग वाढले, हे कसे ओळखावे? आमच्या अहवालात वाटलेली रक्कम आणि लाभार्थ्यांची संख्या एवढेच असते.

या दोन आकड्यांवरून समिती किती काम करते हे कळते, उद्योग किती वाढले हे कळत नाही. मंजुरीच्या दिवशी प्रत्येक उद्योगाची मासिक विक्री, कामावरची माणसे आणि बाजारातील येणे-देणे यांची नोंद करून ठेवावी. तीच नोंद पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जागेवर जाऊन पुन्हा घ्यावी. बंद पडलेल्या उद्योगांना यादीतून काढू नये, उलट त्यांच्याकडे अधिक वेळ बसावे. विजेची जोडणी, उधारी, आजारपण, भागीदारांतील वाद, यांपैकी नेमके काय आडवे आले, हे तिथेच समजते आणि पुढच्या वर्षीचे नियम त्यावरून सुधारता येतात.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो असा : निधी मिळाला नसता तरीही हा उद्योग उभा राहिला असता का? मी वर उल्लेखलेल्या २०१० च्या लेखापरीक्षण अहवालातही हीच तक्रार होती, की जे काम अर्जदार तसेही करणारच होता त्याला साहाय्य दिले गेले. याचे अचूक उत्तर लहान समितीला काढता येणार नाही, पण अर्जात एक रकाना वाढवता येईल : ‘ही रक्कम मिळाली नाही तर आपण काय कराल?’ कोणी लिहील, ‘बँकेतून कर्ज घेऊन हेच काम करीन’. त्याला अनुदानाऐवजी त्या कर्जासाठी शिफारसपत्र द्यावे. कोणी लिहील, ‘काहीच करता येणार नाही’. त्याचा अर्ज बाजूला न ठेवता त्याच्याजवळ स्वतःचे काय आहे, हे प्रत्यक्ष भेटून विचारावे. आणि कोणी लिहील, ‘हेच काम एका यंत्राऐवजी हाताने, निम्म्या मालावर सुरू करीन आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करीन.’ असा अर्ज आला तर त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन त्याचा महिन्याभराचा हिशेब पाहावा, आणि सुगीच्या किती आठवडे आधी त्याला रक्कम लागेल, एवढे विचारून ती तारीख मंजुरीपत्रावर लिहावी.